हीटिंग पॅड एकाच जागी चटका देतोय? दुरुस्तीला टाकण्याआधी हे तपासा

पाठ, कंबर, गुडघे शेकायचा विजेचा पॅड किंवा बेल्ट माझ्याकडे दुरुस्तीला आला की तक्रार बहुतेक एकच असते : "एका जागी फार तापतो, बाकी गारच राहतो." थंडी पडली की असे पॅड येऊ लागतात आणि होळीपर्यंत येत राहतात. तोच तो बिघाड बघून तपासायचा एक क्रम हाताला बसला आहे, तो इथे देतो. ज्याला काही खर्च नाही ते आधी, मीटर लागतो ते शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. पॅड कसाही करून चालू करायचा, यासाठी हा क्रम नाही. दोष सॉकेटमध्ये आहे, वापरण्याच्या पद्धतीत आहे की पॅडच्या आत, हे यातून कळतं. पहिले दोन सुधारता येतात. पॅडच्या आतला दोष मी दुरुस्त करत नाही. दुसरं कोणी करून देत असेल, तरी करून घेऊ नका.

लक्षणं

खालचं काहीही दिसलं तर बोर्डवरचं बटण बंद करून पिन काढा आणि मग पुढे वाचा.

- पॅडचा एखादा भाग हात ठेववत नाही इतका गरम, बाकीचा कोमट.
- जळक्या प्लास्टिकचा वास. कोऱ्या पॅडला पहिल्या एक-दोन वेळा किंचित वास येतो. जुन्याला अचानक येऊ लागला तर गोष्ट वेगळी.
- कापडावर पिवळट किंवा तपकिरी डाग, आणि त्या जागी बोटाने चाचपलं तर आतली वायर कडक लागते.
- वायर जराशी हलवली की कंट्रोलरचा दिवा लागतो-विझतो.
- कंट्रोलरचं प्लास्टिक तापतं, फुगतं, किंवा त्याचा जोड उकलतो.
- पॅड अंगाला लागला की बारीक झिणझिण्या येतात.
- ठरल्या वेळाने आपोआप बंद होणारा पॅड बंदच होत नाही.
- रोज शेकतो त्या जागी कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग उठलेत.

हे शेवटचं लक्षण लोक पॅडशी जोडतच नाहीत. "वयाचे डाग असतील" म्हणून सोडून देतात. तीच जागा आठवडेच्या आठवडे शेकत राहिलं की असे डाग उठतात. पॅड जास्त तापतोय, किंवा शेक गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला जातोय, याची ती खूण आहे. हे डाग डॉक्टरांना दाखवा.

"एमसीबी पडला नाही, म्हणजे पॅड ठीक असणार"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकतो की आधी त्याचंच बघू. साधा पॅड साठ वॅटच्या आसपासचा असतो. २३० व्होल्टवर तो पाव ॲम्पियरच्या आसपास करंट घेतो. तुमचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डवरचा स्विच, ६ किंवा १० ॲम्पियरचा. पॅड घडी पडून एका जागी कापड करपवत असला तरी करंट वाढलेला नसतो. तीच उष्णता फक्त कमी जागेत कोंडलेली असते. एमसीबीला त्यात वावगं काही दिसतच नाही.

अर्थ लीकेजवर पडणारा आरसीसीबी घरात असेल तर उत्तम, नसेल तर बसवून घ्याच. पण तोही वीज जमिनीकडे गळली तरच पडतो. बरेचसे पॅड दोन पिनांचे असतात, त्यांना अर्थिंगची तारच नसते. गादीवर, कोरड्या जागी पडलेल्या पॅडमध्ये वीज गळायला वाट नसते; ती वाट माणसाच्या अंगातून मिळाली, तर ब्रेकर पडेल. आग लागण्याआधीचं करपणं यातलं काहीच थांबवत नाही. ते थांबवायला पॅडच्या आतले थर्मोस्टॅट असतात, आणि थर्मोस्टॅटला तो बसवलेल्या जागेपुरतंच तापमान कळतं. घडी हातभर लांब पडली असेल तर त्याच्या हिशेबी सगळं ठीक चाललेलं असतं.

म्हणून या वस्तूला तपासायचं काम शेवटी माणसालाच करावं लागतं.

पहिली तपासणी : लेबल वाचा, फोटो काढा, रिकॉल शोधा

खर्च शून्य, वेळ पाच-दहा मिनिटं. तरी ही तपासणी करून आलेला ग्राहक विरळा. पॅडच्या कडेला शिवलेली पट्टी किंवा कंट्रोलरची पाठ बघा. कंपनी, मॉडेल नंबर, लॉट किंवा बॅच नंबर, व्होल्ट आणि वॅट, एवढं हवं. अक्षरं पुसट असतील तर मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. फोटो काढून ठेवा, पुढे तक्रारीला लागेल.

आता त्या मॉडेल नंबरापुढे 'रिकॉल', म्हणजे सदोष माल परत मागवणं, हा शब्द लिहून इंटरनेटवर शोधा. कंपनीच्या संकेतस्थळावरही बघा. एखाद्या मॉडेलमध्ये मुळातच दोष असेल तर तुमच्या घरच्या सॉकेटची, वायरची कितीही तपासणी केली तरी वेळ फुकट जातो. दोष कारखान्यातून आलेला असतो आणि त्यावर उपाय एकच, वापर बंद.

अमेरिकेतलं एक उदाहरण देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हील या कंपनीने 'मायटी ब्लिस' नावाचे पाच लाखांहून जास्त हीटिंग पॅड परत मागवले. पॅड जास्त तापणं, ठिणग्या उडणं, जळणं अशा २८६ तक्रारी तोवर कंपनीकडे आल्या होत्या, आणि त्यातल्या ३१ तक्रारींत माणसांना इजा झाली होती : भाजणं, हलका शॉक, अंगावर पुरळ. हे पॅड ऑनलाइन विकले गेले होते आणि लोकांनी घरोघर बिनधास्त वापरले होते. ज्यांनी नोटीस वाचली त्यांचाच वापर थांबला.

हे उदाहरण आपल्याशी जोडलेलं आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असली की आईबाबांसाठी येणाऱ्या बॅगेत हीटिंग पॅड हमखास असतो. रिकॉलचा ईमेल जातो तो तिकडे विकत घेणाऱ्याला. पॅड मात्र इकडे सांगलीत किंवा डोंबिवलीत आजींच्या कमरेखाली असतो. नोटीस आणि पॅड यांची गाठ पडावी, अशी व्यवस्थाच नाही. तेव्हा परदेशातून आलेला पॅड असेल तर लेबलाचा फोटो मुलांना पाठवा आणि त्यांना शोधायला सांगा. तिथे हीटिंग पॅड वैद्यकीय उपकरणात मोडतो, त्यामुळे त्याचा रिकॉल तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या यादीत सापडतो. अंगावर घ्यायच्या विजेच्या ब्लँकेटचा रिकॉल ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या यादीत. एकीकडे नाव दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, दोन्हीकडे बघा. आणि लॉट नंबर जुळवा. पुष्कळदा सगळं मॉडेल नव्हे, ठरावीक लॉटच परत मागवलेले असतात.

लेबलावर आणखी एक आकडा बघायचा आहे : व्होल्ट. अमेरिकेतला पॅड ११० किंवा १२० व्होल्टचा असतो. इकडे तो गोल पिनांचा ॲडॉप्टर लावून भिंतीत खुपसला जातो. ॲडॉप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून तो दोन्हीकडे चालतो. पॅडचं तसं नाही. १२० व्होल्टवर ६० वॅटचा पॅड २३० व्होल्टवर सुमारे २२० वॅट ओढतो, म्हणजे जवळजवळ पावणेचारपट. काही पॅड लगेच मरतात. ते परवडले. काही थर्मोस्टॅटच्या जिवावर चालत राहतात, आणि तो थर्मोस्टॅट सतत चालू-बंद होऊन एक दिवस चिकटून बसतो. मग पॅड बंदच होत नाही. असा पॅड एकदा जरी थेट २३० वर लावला गेला असेल, तर पुढे ट्रान्सफॉर्मर आणूनही वापरू नका. आत काय भाजलंय ते बाहेरून दिसत नाही.

रिकॉलमध्ये नाव सापडलं तर पुढचं काही तपासू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

दुसरी तपासणी : पॅड वापरता कसा?

माझ्याकडे येणारे निम्मेअधिक पॅड इथेच उलगडतात. मी ग्राहकाला एकच सांगतो : तुम्ही घरी जसा लावता तसा आत्ता मला लावून दाखवा. बघितलं की कळतं. पॅड पाठीखाली घेऊन त्यावर उताणं झोपायचं, वर जाड गोधडी. किंवा गुडघ्याभोवती घट्ट गुंडाळून वरून क्रेप बँडेज. किंवा घसरू नये म्हणून दोन सेफ्टी पिना लावलेल्या, त्यातली एक आतल्या तारेला चाटून गेलेली.

पॅड अंगाखाली नाही, अंगावर घ्यायचा. खाली घेतला की वजनाने तारा दबतात, उष्णता बाहेर जायला जागा राहत नाही आणि तो भाग तापत जातो. पॅडच्या आत अगदी बारीक तार दोऱ्यासारख्या गाभ्यावर गुंडाळून, वर इन्सुलेशन चढवून, नागमोडी शिवलेली असते. रोज एकाच रेषेत घडी पडली की तिथे तार आधी दुखावते, मग एक-दोन धागे तुटतात आणि त्या जागी बारीक ठिणगी सुरू होते. कपाटात ठेवतानाही घडी घालू नका. मोठ्या वळणाने सैल गुंडाळा, आणि गार झाल्यावरच.

बाम किंवा दर्द तेल चोळून त्यावर पॅड हाही नेहमीचा प्रकार. तेल कापडात मुरतं, पुढे इन्सुलेशनपर्यंत पोचतं, आणि काही बामांमुळे कातडी आधीच हुळहुळी झालेली असते. शेक घ्यायचा तर बाम नको, बाम लावायचा तर शेक नको.

आणि झोप. यावर मी कडक आहे. कातडीचं तापमान ४४ अंश सेल्सियसवर राहिलं तर सुमारे सहा तासांत भाजतं. त्यापुढे एकेक अंश वाढला की हा वेळ साधारण निम्मा होत जातो. म्हणजे "छान ऊबदार" वाटणारा पॅडही रात्रभर अंगाला राहिला तर भाजू शकतो, आणि त्याला पॅडमध्ये बिघाड असावाच लागतो असं नाही. मधुमेहाने पावलांची संवेदना कमी झालेली असेल, अर्धांगवायू असेल, झोपेची किंवा जोरकस वेदनाशामक गोळी घेतली असेल, तर माणसाला चटका कळतच नाही. सकाळी फोड दिसतो. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेत एफडीए आणि सीपीएससी यांनी मिळून हीटिंग पॅडबद्दल सूचना काढली, तेव्हा वर्षाला सुमारे १,६०० जण पॅडने भाजून तिथल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात येत होते आणि त्यातले ४५ टक्के पासष्टीच्या पुढचे होते. आपल्याकडेही पॅड वापरतात ती याच वयाची माणसं. त्यांच्यासाठी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मोबाईलवर पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावावा आणि पॅड स्वतःच्या हाताने काढावा. लहान बाळाला, आणि ज्याला स्वतःहून पॅड दूर करता येत नाही अशा माणसाला तो लावूच नये.

वापर सुधारला आणि चटका थांबला, तरी पाचवी तपासणी करायचीच. चुकीच्या वापराने आत काही मोडलं का, ते तिथे कळतं.

तिसरी : सॉकेट आणि बोर्ड

हे झटपट होतं. पॅड बाजूला ठेवा. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावा आणि पिन हलकेच हलवा. दिवा फडफडला तर सॉकेट ढिलं आहे. सॉकेटच्या भोकांभोवती काळं किंवा पिवळं पडलं असेल, तर तिथे ठिणग्या उडतायत. सॉकेट बदलायला फार खर्च येत नाही, पण मेन बंद करता येत नसेल किंवा वायरिंग जुनं असेल तर स्वतः उघडू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पॅड एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका, विशेषतः पलंगाखाली सरकवलेल्या. तिथे वास आला, धूर झाला तरी उशिरा कळतं.

दोन पिनांच्या प्लगची एक गंमत नसलेली गोष्ट : तो उलटा-सुलटा कसाही बसतो. उलटा बसला तर कंट्रोलरचं बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं. पॅड बंद दिसतो, पण आतल्या तारेत वीज असतेच. म्हणून कंट्रोलरवर 'बंद' करून भागत नाही. शेक झाला की पिन काढायची, दर वेळी.

चौथी : वायर आणि कंट्रोलर

पिन काढलेली असताना प्लगपासून सुरुवात करून वायर बोटांमधून सरकवत न्या. दोन जागा नीट बघा, जिथे वायर कंट्रोलरमध्ये शिरते ती आणि जिथे पॅडमध्ये शिरते ती. पॅड ठेवताना वायर कंट्रोलरभोवती घट्ट गुंडाळून रबर बँड लावायची सवय घराघरांत आहे. त्या जागी वायर दर वेळी त्याच कोनात वाकते आणि आतली तांब्याची तार एकेक धाग्याने तुटते. बाहेरचं आवरण मात्र शाबूत असतं. बोटांना तिथे वायर बाकीच्या जागेपेक्षा मऊ, पोकळ लागते.

सोललेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. अंगाला लागणाऱ्या, घामाने ओल्या होणाऱ्या वस्तूवर चिकटपट्टी म्हणजे इन्सुलेशन नव्हे. फक्त प्लगच सैल किंवा काळा पडलेला असेल तर तो मी बदलून देतो. कंट्रोलर सुटा निघत असेल आणि कंपनी तोच कंट्रोलर देत असेल तर तोही बदलता येतो. दुसऱ्या पॅडचा कंट्रोलर "बसतोय ना" म्हणून लावू नका. वॅट, थर्मोस्टॅटची रचना, आपोआप बंद व्हायची पद्धत यातलं काहीच जुळेल याची खात्री नसते.

पाचवी : पॅड उजेडात धरा

बाहेरचा अभ्रा काढा. पॅड खिडकीच्या उजेडात ताणून धरा. पातळ कापड असेल तर तारांची वळणं दिसतात. जाड असेल तर दोन्ही हातांच्या बोटांनी चाचपा. वळणं एकमेकांपासून सारख्या अंतरावर हवीत. शिवण उसवून दोन वळणं एकमेकांवर आली असतील, तर तिथे दुप्पट उष्णता एका जागी निघणार. चटक्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

परवाच एक बेल्ट बघितला. अभ्रा स्वच्छ धुतलेला, वरून अगदी नवा. आतल्या अस्तरावर बोटाच्या पेराएवढा चंद्रकोरीसारखा तपकिरी डाग, आणि त्याच्या मधोमध कापड कागदासारखं कुरकुरीत. वापरणाऱ्या काकूंना वासही आला नव्हता, कारण बेल्टवर शाल असायची. असा डाग दिसला की तपासणी संपली. पुन्हा लावून बघायची गरज नाही.

पॅड धुतला असेल तर तेही आठवा. "फक्त अभ्रा धुवा" असं लिहिलेला पॅड बादलीत बुडवला गेला असेल, तर बाहेरून वाळला तरी थर्मोस्टॅटच्या जोडांत पाणी आणि साबण राहतो. झिणझिण्यांचं कारण बऱ्याचदा हेच असतं. टेस्टर लावून खात्री करायला जाऊ नका. निऑनचा टेस्टर चांगल्या पॅडवरही कधी मंद पेटतो आणि बिघडलेल्यावर कधी पेटत नाही. झिणझिण्या आल्या म्हणजे पॅड बंद.

सहावी : सपाट ठेवून तापवून बघा

आधीच्या पाचही तपासण्यांत काही सापडलं नसेल, तरच हे करा. पॅड कोरड्या फरशीवर पूर्ण पसरा. खाली-वर चादर, उशी काही नको. सगळ्यात कमी सेटिंगवर लावा आणि समोर बसून राहा. दहा-पंधरा मिनिटांनी पिन काढा आणि तळहाताच्या पाठीने सगळीकडे हात फिरवा. कडा किंचित गार असतात, ते चालतं. मधे कुठे स्पष्ट गरम ठिपका किंवा पट्टा लागला तर दोष तारेतच आहे. साध्या सरकत्या बटणाच्या अनेक पॅडमध्ये 'लो'ला निम्मीच वीज जाते. निम्म्या विजेवरही ठिपका तापत असेल तर 'हाय'ला तिथे काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आपोआप बंद होणारा पॅड असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या वेळेला तो बंद होतो का, तेही याच पद्धतीने समोर बसून बघा. ही सोय झोपून जाण्याचा परवाना नाही, हे माझ्याकडच्या प्रत्येक ग्राहकाला मी सांगतो.

सातवी : मल्टिमीटर

ज्यांना मीटर वापरता येतो त्यांच्यापुरतंच. पिन काढलेली, साध्या सरकत्या बटणाचा पॅड, बटण 'हाय'ला. मीटर प्लगच्या दोन पिनांना लावा. ६० वॅटच्या पॅडला साधारण ८८० ओहम, १०० वॅटच्याला साधारण ५३० ओहम यायला हवेत. हिशेब सोपा आहे, व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. वायर हलवताना आकडा उड्या मारत असेल तर वायर तुटत चालली आहे. पॅडला हलका बाक देताना उड्या मारत असेल तर आतली तार. आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी असेल तर आत दोन वळणांत शॉर्ट आहे. डिजिटल कंट्रोलरच्या पॅडवर ही तपासणी चालत नाही. बंद अवस्थेत तो वाटच तोडून ठेवतो, मग मीटर काही दाखवत नाही.

इन्सुलेशनची खरी परीक्षा साध्या मीटरने होत नाही, त्याला मेगर लागतो. तो जाणकाराकडेच असतो.

इथे थांबा

पॅड उसवू नका. आतली तुटलेली तार पिळून किंवा सोल्डर करून जोडली की तो जोडच नवा गरम ठिपका होतो, आणि तो थेट कमरेवर असतो. थर्मोस्टॅट काढून "डायरेक्ट" करून देणारे लोक आहेत. असा पॅड छान तापतो, म्हणूनच ग्राहक खूश होऊन जातो. त्यात मग पॅडला थांबवणारं काहीच उरलेलं नसतं.

इलेक्ट्रिशियनला बोलवायचं ते सॉकेट काळं पडलं असेल, आरसीसीबी पॅड काढल्यावरही पडत असेल, किंवा घरातल्या दुसऱ्या उपकरणांनाही झिणझिण्या येत असतील तर. मग प्रश्न पॅडचा नसून घराच्या अर्थिंगचा आहे आणि तो आजच बघायला हवा.

पॅड पेटला तर आधी मेन बंद करा. वीज चालू असताना पाणी ओतायचं नाही. गादी धुमसत असेल तर घराबाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. भाजलं असेल तर साध्या वाहत्या नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड आला असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, किंवा माणूस मधुमेही असेल तर जखम लहान दिसली तरी डॉक्टरांकडे जा.

पॅड बाद झाला, आता?

आधी तक्रार, मग विल्हेवाट. क्रम उलटा केला तर पुरावा जातो. लेबल, डाग, वायर यांचे फोटो आणि बिल जपून ठेवा. विकणाऱ्याला आणि कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. तुमची नुकसानभरपाई हा एक भाग झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल बाजारातून परत मागवायचा आदेश देऊ शकतं. हे प्राधिकरण जुलै २०२० पासून काम करतं आणि त्याच्यासाठीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. पण एका पॅडची तक्रार आली नाही, दुसऱ्याची आली नाही, तर दोष मॉडेलचा आहे हे कोणालाच कळणार नाही. अमेरिकेतला तो रिकॉल २८६ तक्रारींच्या जोरावर झाला. आपल्याकडे लोक पाचशे-हजाराची वस्तू म्हणून गप्प बसतात आणि दुसरी घेतात. कृपा करून कळवा.

रिकॉल झालेला पॅड असेल तर नोटिशीत काय करायला सांगितलंय ते आधी वाचा. परदेशी रिकॉलमध्ये पुष्कळदा वायर कापून तिचा फोटो पाठवायला सांगतात, वस्तू परत मागत नाहीत.

बाद पॅड "चालतोय अजून थोडा" म्हणून घरकामाच्या मावशींना, वॉचमनला, गावाकडच्या नातेवाइकांना देऊ नका. आपल्या आईला जो लावणार नाही तो कोणालाच लावायला देऊ नका. भंगारात गेलेला पॅडसुद्धा झटकून पुन्हा विकला जातो. म्हणून तक्रार नोंदवून झाली, कंपनीने वस्तू परत मागितली नाही, की पिन काढलेली असताना वायर पॅडच्या अगदी मुळाशी कापा, प्लग वेगळा करा आणि दोन्ही ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. लेबलाचा फोटो आणि तक्रारीचा क्रमांक मात्र प्रकरण निकाली निघेपर्यंत मोबाईलमध्ये ठेवा.